वायरशार्क बसवताना परवानगीचा प्रश्न आधी सोडवा

वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक टिपून तपासण्याचे सॉफ्टवेअर बसवायला फारसा वेळ लागत नाही, आणि म्हणूनच इन्स्टॉलरने विचारलेले प्रश्न न वाचता पुढे जाण्याची सवय लागते. माझ्या मते मात्र या सॉफ्टवेअरच्या बाबतीत खरी काळजी तिथेच घ्यायला हवी. नेटवर्क कार्डावरून जाणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, जशीच्या तशी टिपण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडून विशेष अधिकार लागतो, आणि तो कोणाला दिला आहे यावर आपल्या यंत्राची सुरक्षितता अवलंबून असते.

वायरशार्कमध्ये हे काम मुद्दाम दोन भागांत विभागलेले आहे. पॅकेट टिपून फाइलमध्ये लिहिण्याचे काम डंपकॅप नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, तर त्या पॅकेटांचा अर्थ लावून ती पडद्यावर मांडण्याचे काम मुख्य प्रोग्रॅमकडे असते. या दुसऱ्या भागात हजारो प्रोटोकॉल (नेटवर्कवरील संवादाचे ठरलेले नियम) उलगडणारा प्रचंड कोड आहे आणि तो अनोळखी ठिकाणाहून आलेले बाइट वाचत असतो. त्यात अधूनमधून सुरक्षेच्या त्रुटी सापडतात आणि त्या दुरुस्तही होतात. त्यामुळे संपूर्ण वायरशार्क रूट म्हणून, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, चालवणे मला अजिबात मान्य नाही, मग एखाद्या ट्युटोरियलमध्ये तसे कितीही सहजपणे सांगितलेले असो.

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर पॅकेज बसवताना, सामान्य वापरकर्त्यांना पॅकेट टिपू द्यायची का, असा प्रश्न येतो आणि त्याचे मूळ उत्तर 'नाही' असते. 'हो' निवडल्यास तो अधिकार फक्त डंपकॅपला मिळतो आणि डंपकॅप चालवण्याची मुभा वायरशार्क नावाच्या ग्रुपमधील सदस्यांनाच राहते. त्यानंतर आपले खाते त्या ग्रुपमध्ये घालून लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावे लागते. ही शेवटची पायरी राहिली की परवानगी नसल्याचा संदेश येतो आणि इन्स्टॉलेशनच बिघडले असा समज होतो. विंडोजवर पॅकेट टिपण्याची सोय एनपीकॅप हा ड्रायव्हर पुरवतो, आणि त्याचा वापर फक्त ॲडमिनिस्ट्रेटरपुरता ठेवण्याचा पर्याय त्याच्या इन्स्टॉलरमध्ये असतो. अनेकांच्या वापरातल्या संगणकावर तो जरूर निवडावा.

यानंतर लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे आपल्याला काय दिसणार आहे. स्विच (नेटवर्कमधली यंत्रे केबलने जोडणारे उपकरण) प्रत्येक पोर्टवर साधारणपणे त्याच पोर्टसाठी असलेली वाहतूक पाठवतो, म्हणून दुसऱ्या यंत्रांमधला संवाद पाहण्यासाठी स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या वाहतुकीची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवण्याची सोय) लावावे लागते, आणि त्यासाठी त्या नेटवर्कची जबाबदारी असलेल्या व्यक्तीची संमती आधी घ्यायला हवी.

फिल्टरचे दोन प्रकार आहेत. कॅप्चर फिल्टर काय टिपायचे ते ठरवतो आणि त्याने वगळलेले पॅकेट पुन्हा मिळत नाही. डिस्प्ले फिल्टर टिपलेल्यातले काय दाखवायचे एवढेच ठरवतो. दोघांची लिहिण्याची पद्धतही वेगळी आहे. समजा, लिनक्स संगणकावर एखादा प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडला जाण्यापूर्वी काही सेकंद अडकतो. अशा वेळी कॅप्चर फिल्टरमध्ये फक्त पोर्ट ५३ (डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा क्रमांक; स्विचवरचा पोर्ट नव्हे) ठेवून तो प्रोग्रॅम पुन्हा चालवावा. पहिल्या डीएनएस सर्व्हरकडे गेलेल्या प्रश्नाला उत्तर नाही आणि ५ सेकंदांनी तोच प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे गेला, असे दिसले तर दोष इंटरनेटच्या वेगाचा नसून यादीतल्या पहिल्या सर्व्हरचा आहे, कारण ग्लिबसी या लिनक्सवरच्या मूळ लायब्ररीतला रिझॉल्व्हर (डीएनएसला प्रश्न विचारणारा भाग) मूळ सेटिंगनुसार ५ सेकंद वाट पाहतो. ब्राउझरवर हाच प्रयोग करताना त्यातले एन्क्रिप्टेड डीएनएस आधी बंद करावे, नाहीतर त्याचे प्रश्न या पोर्टवर दिसणारच नाहीत.

अडचण रात्री-बेरात्री केव्हातरी येत असेल, तर मुख्य प्रोग्रॅम तासन्‌तास चालू ठेवू नये. त्याचा मेमरी-वापर वाढत जातो. डंपकॅप थेट चालवून रिंग बफर लावावा. १०० एमबीच्या २० फाइल ठरवून दिल्या की सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाते आणि डिस्कवरची जागा साधारण २ जीबीच्या पुढे जात नाही. अडचण आल्याचे कळताच कॅप्चर थांबवावे आणि त्या वेळेची फाइल तेवढी वायरशार्कमध्ये उघडावी.