नवीन पोस्ट नंतर टाका, आधी सर्च कन्सोल उघडा

ट्रॅफिक पडलं की बहुतेक साइटवाले पहिलं काय करतात, तर नवीन पोस्टचा सपाटा लावतात. आठवड्याला एक होती तिच्या तीन होतात, मग दम लागतो, मग कोणीतरी सांगतं बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून तुमच्याकडे येणारी लिंक) घे, मग त्याच्या मागे पळापळ. काखेत कळसा नि गावाला वळसा. साइट वर्ष-दोन वर्षं जुनी असेल तर हवं ते ट्रॅफिक बऱ्याचदा जुन्याच पोस्टमध्ये अडकून पडलेलं असतं, आणि ते नेमकं कुठे अडकलंय हे गूगल फुकटात सांगतं, फक्त बघायचा कंटाळा येतो लोकांना.

तर सर्च कन्सोल, म्हणजे तुमची साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल, उघडा (जुनी मंडळी अजून वेबमास्टर टूल्सच म्हणतात, नाव बदललं २०१५ ला). परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये क्लिक, इम्प्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसलं त्यातलं किती टक्के वेळा क्लिक झालं), सरासरी पोझिशन (शोधाच्या यादीत कितवा नंबर) हे चारही चालू करा, मागचे तीन महिने घ्या, पोझिशन ७ पेक्षा जास्त असा फिल्टर लावा आणि इम्प्रेशनवर सॉर्ट मारा. वर जे येईल ते तुमचं काम. म्हणजे लोक शोधतायत, गूगल तुमचं पान दाखवतंय, पण पहिल्या पानाच्या तळाशी नाहीतर दुसऱ्या पानावर, तिथपर्यंत कोण जातंय.

समजा सायकल दुरुस्तीची साइट आहे. क्वेरी (लोकांनी गूगलमध्ये टाकलेले शब्द) दिसतेय "सायकलची चेन सारखी निसटते", इम्प्रेशन ४,०००, क्लिक ३०, पोझिशन ११. आता ते पान उघडून बघा. टायटल काय, तर "माझी सायकल डायरी भाग ७". सुरुवातीला सायकल कधी घेतली, रंग कसा निवडला, मग एक भलामोठा फोटो, आणि चेन का निसटते ते चार वेळा स्क्रोल केल्यावर. माहिती चांगली आहे हो, पण ज्याची चेन आत्ता निसटलीय आणि हात काळे झालेत त्याला तुमच्या डायरीचा भाग ७ कशाला हवाय?

इथे टायटल सरळ करायचं, "सायकलची चेन सारखी का निसटते? आधी काय तपासाल", आणि पानावरचं मोठं हेडिंगही त्याच अर्थाचं ठेवायचं, कारण टायटल आणि हेडिंगचा मेळ नसला की गूगल स्वतःच्या मनाने टायटल बनवून दाखवतं. पहिल्याच पॅऱ्यात उत्तर द्या, चेन ताणली गेलीय का, दाते झिजलेत का, डिरेलरचे (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग) स्क्रू बिघडलेत का, तो जिथे बसतो तो हँगर वाकलाय का. डायरी खाली गेली तरी चालेल. मग त्याच पानावर फिल्टर लावून बाकीच्या क्वेरी बघा, तिथे "गिअर बदलताना चेन निसटते", "चढावर चेन निसटते" असलं काय काय सापडतं, ती तुमची उपशीर्षकं, वाचकांनीच लिहून दिलेली. यूआरएलला (पानाच्या पत्त्याला) मात्र हात लावू नका, कितीही ओबडधोबड असली तरी.

आणि अंतर्गत लिंक! हे कोणीच करत नाही. गूगलमध्ये site: आणि त्याला चिकटून तुमचं डोमेन, मग पुढे "चेन" असं टाका, साइटवर जिथे जिथे चेनचा विषय निघालाय त्या पोस्ट मिळतील, त्यातल्या चार-पाच ठिकाणांहून या पानाला लिंक द्या. लिंकचे शब्द "इथे वाचा" नकोत, "चेन निसटण्याची कारणं" असे हवेत. मेटा डिस्क्रिप्शन (शोधात टायटलखाली दिसणारा सारांश) दोन ओळी लिहून पुढे सरका, त्याने रँकिंग हलत नाही. मेटा कीवर्डचं (पानाच्या कोडमध्ये भरायची शब्दांची यादी) तर नावच काढू नका, गूगलने २००९ मध्येच सांगितलंय की ते बघत नाही, तरी लोक अजून भरतायत.

कधीकधी एका क्वेरीवर तुमचीच दोन पानं भांडत असतात. क्वेरीवर क्लिक करून पेजेसचा टॅब बघा. दोन्हीत तेच ते असेल तर चांगल्यात दुसऱ्याचा कामाचा मजकूर घाला आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर ३०१ रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप कायमच्या नव्या पत्त्यावर नेणं) लावा, किमान वर्षभर राहू द्या. सगळी जुनी पानं होमपेजवर ढकलायची नाहीत, गूगल त्याला पान सापडलं नाही असंच धरतं.

ट्रॅफिक खरंच पडलं असेल तर आधी काय पडलंय ते बघा. पोझिशन तीच आणि इम्प्रेशन कमी, तर लोकच कमी शोधतायत, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा (डेटा १६ महिन्यांचा मिळतो). पोझिशन घसरली, तर आता वर कोण आलंय ते उघडून वाचा, राग बाजूला ठेवून. आणि इम्प्रेशन, पोझिशन सगळं जागेवर पण क्लिक गेले, तर ती क्वेरी स्वतः टाकून बघा, बहुतेक वर एआयचं उत्तर नाहीतर व्हिडिओंची पट्टी येऊन बसलेली असते, अशा वेळी पान दहादा बदलून काही होत नाही, जिथे वाचकाला फोटो, मोजमापं, स्वतः करून बघितलेलं लागतं असा विषय घ्या.

आणि सगळंच एकदम शून्यावर आलं असेल तर रँकिंगचा विचार नंतर. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंगखाली सर्च इंजिनांना साइट इंडेक्स (शोधाच्या यादीत नोंद) करू नका सांगणारा एक चेकबॉक्स असतो, साइट नव्याने बनवताना डेव्हलपर टिक करतात आणि तशीच राहते. नोइंडेक्स (हे पान शोधात दाखवू नका अशी पानावरची खूण) लावलेलं पान रोबोट्स फाइलमधून (गूगलला कुठे येऊ नको ते सांगणारी फाइल) अडवायचं पण नाही, गूगलला पान वाचताच आलं नाही तर नोइंडेक्स दिसणार कसा.

स्पीडबद्दल एवढंच, फोनमधले ४-५ एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवू नका आणि वरच्या पहिल्या फोटोला लेझी लोड (तिथपर्यंत स्क्रोल केल्यावरच फोटो उघडणं) लावू नका. मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला की झालं, १०० पैकी १०० मार्कांच्या नादात थीम मोडून ठेवलेले लोक आहेत.

बॅकलिंकचे मेल येतील, पहिल्या नंबरची गॅरंटी देणारे. गूगल स्वतः म्हणतं अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. विकतच्या लिंकवर उभ्या असलेल्या साइट गूगलच्या २०१२ च्या पेंग्विन अपडेटमध्ये कशा आपटल्या ते जुन्यांना विचारा.

पान सुधारलं की सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये रिक्वेस्ट इंडेक्सिंग एकदा दाबा, परत परत दाबून रांगेत पुढे जाता येत नाही. कोणत्या तारखेला काय बदललं ते एका शीटमध्ये टाका, महिनाभर त्या पानाला हात नको, मग आधीच्या २८ दिवसांशी तुलना. तोवर यादीतलं पुढचं पान घ्या.