चांदरचा मिनेझिस ब्रागांझा वाडा : जाणार असाल तर

गोव्याला गेलो की सगळे बीचवरच, या वेळी बायकोने हट्टच धरला म्हणून मडगावहून चांदरला गेलो. अंतर १३ किमीच्या आसपास, स्कूटर बेस्ट. चर्चच्या समोरच्या मैदानाला लागून ही लांबच लांब खिडक्यांची रांग दिसते, कोणाला विचारावं पण लागत नाही.

पहिली गोष्ट, हे सरकारी म्युझियम नाही, लोक राहतात तिथे. आणि घर एक असलं तरी दोन भाग आहेत, पश्चिमेकडे मिनेझिस ब्रागांझा आणि पूर्वेकडे ब्रागांझा परेरा, दोन्हीकडे वेगवेगळे पैसे द्यावे लागतात, त्यामुळे कॅश आणि सुट्टे बरोबर ठेवा. बरेच जण एकच बाजू बघून निघतात, तसं करू नका.

पश्चिमेला झुंबरं, चिनी मातीची भांडी, शिसवी फर्निचर आणि मोठी लायब्ररी. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) इथलेच, पोर्तुगीज राजवटीविरुद्ध पोर्तुगीजमध्येच लिहिणारा पत्रकार, १९०० साली सुरू झालेल्या 'ओ हेराल्डो' दैनिकामागे ते होते. एवढ्या श्रीमंतीत बसून सरकारला शिंगावर घ्यायचं, मला तर झुंबरांपेक्षा हेच भारी वाटलं. १९५० मध्ये घरचे बंगलोरला निघून गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरच परत आले.

पूर्वेचा भाग जास्त झिजलेला, पण बॉलरूम तिकडेच आहे. पोर्तुगालचा राजा दों लुईसने दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या तिथे आहेत, बसायचा मोह आवरा. छोट्या चॅपेलमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख जपून ठेवलंय, दाखवा म्हणून विचारा. खिडक्या जवळून बघाच, काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवलेत, ऊन दुधाळ होऊन आत येतं. पावसाळ्यात अंधारून आलं की ही मजा नाही, म्हणून सकाळी उजेडात जा.

फोटोचं आधी विचारा, नाही म्हणाले तर वाद घालू नका, घर त्यांचं आहे. आणि दहा-वीस रुपये टेकवून निघू नका राव, एवढ्या मोठ्या छपराची डागडुजी काय फुकट होते का.

वेळ उरला तर गावातच कोट भागात बिनमुंडक्याचा नंदी आहे, चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंब राजघराण्याची राजधानी. तिकडे सावली नाही, पाण्याची बाटली घ्या, आणि जेवायला मडगावलाच परत या.