आमची वाटचाल : पाचशे नगांचे पंधराशे

२००८मध्ये सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने बिझनेस ऑब्जेक्ट्स ही रिपोर्टिंग सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेतली, त्याच सुमारास आम्ही दोघांनी कोथरूडला भाड्याच्या खोलीत त्याच सॉफ्टवेअरवर रिपोर्टांचं काम सुरू केलं. भागीदार पुढे कॅनडाला गेला. धंदा बरा चालला, ते सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते भोसरीच्या एका कंपनीचं.

तिथले अकाउंट्सचे काका आमचं पहिलं गिऱ्हाईक. ऑर्डर, डिस्पॅच, बिलं यांचा युनिव्हर्स, म्हणजे डेटाबेसची टेबलं आणि रिपोर्ट यांच्यामधला नकाशा, आम्ही बांधलेला. सगळे जॉइन, म्हणजे टेबलांमधल्या जोडण्या, ए-३ कागदावर, एक-अनेकच्या खुणा लाल पेनाने. तो कागद अजून भिंतीवर आहे. डिस्पॅच आणि बिलं दोन्ही ऑर्डरला लटकतात, म्हणून दोघांचे कॉन्टेक्स्ट, म्हणजे जोडण्यांच्या ठरवलेल्या वाटा, वेगळे; प्रत्येक वाटेचा डेटाबेसला वेगळा प्रश्न, म्हणजे वेगळं सिलेक्ट. पुढे कुणीतरी रिपोर्टात डिस्पॅचची तारीख ओढली. बिलाच्या कॉन्टेक्स्टमध्ये ती तारीख नाहीच, मग दोन सिलेक्ट जुळणार कशावर? रिपोर्ट दोन तक्त्यांत फुटला.

हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीने, नाव घेत नाही, हीच संधी साधली. कॉन्टेक्स्ट पुसले, मेझरनिहाय, म्हणजे बेरजेच्या प्रत्येक आकड्यासाठी, वेगळं एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) काढायची टिकही काढली. तक्ता एक झाला, मॅनेजमेंट खूश, आमचा एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, बंद. राहिलेलं बिलही अडकवलं. त्या दिवाळीला पगार बायकोच्या पाटल्यांवर झाले.

तिमाहीअखेर काकांचा फोन. "अरे, पाचशे नग गेलेत, हे पंधराशे दाखवतंय. उद्या ये बघू."

एकाच ऑर्डरवर दोन डिस्पॅच, तीन बिलं. सरळ जॉइन केलं की सहा ओळी: डिस्पॅच तिप्पट, बिल दुप्पट. खड्डा इतका ठळक, आणि म्हणे तज्ज्ञ!

आम्ही कॉन्टेक्स्ट परत घातले. कॅलेंडरचं टेबल आणून दोन्ही तारखांना जोडलं. त्याने जोडण्यांचा लूप, म्हणजे फेरा, होतो, पण प्रत्येक कॉन्टेक्स्टने आपली वाट धरली की तो सुटतो. रिपोर्टात डिस्पॅचची तारीख काढून कॅलेंडरची टाकली. सिलेक्ट अजूनही दोनच, पण जुळून तक्ता एक, आणि बेरीज काकांच्या लेजरला तंतोतंत.

नव्या पोरांनो, क्वेरी फुटली की आधी टिक शोधू नका. एसक्यूएल उघडा, 'जॉइन' (निकाल एका तक्त्यात जुळले) दिसतंय की 'सिंक्रोनायझेशन' (निकाल वेगळे राहिले) ते बघा. जॉइन असेल तर दोन सिलेक्ट असू द्यात, ते हवेच असतात. सर्व्हरवर एक्स्पोर्ट करण्यापूर्वी युनिव्हर्सची प्रत तारीख टाकून ठेवा. आणि एएमसीचे पैसे आगाऊच घ्या.

हिंजवडीच्या त्या कंपनीच्या वेबसाइटवर 'समाधानी ग्राहकां'त भोसरीचा लोगो अजून झळकतोय. काकांनी काढायला सांगितलं, तरी.