मशीन व्हर्जिनियात, मी चिपळुणात

चिपळूणला घरी परत येऊन मला दोन वर्षं झाली. पहिलं वर्षभर प्रोग्रॅमिंगचं सगळं काम लॅपटॉपवरच चालवलं. 16 जीबी रॅम, त्यात डॉकरचे सात कंटेनर (एकेक प्रोग्राम वेगळा चालवणारे जणू बंद डबे) आणि ब्राउझरचे टॅब. फॅन असा घोंघावायचा की आई आतून विचारायची, "मिक्सर लावलास का गं?"

मग टीमने दिलेल्या रिमोट मशीनवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दूरच्या कॉम्प्युटरवर गेले. ते अमेरिकेत, व्हर्जिनियात. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर; त्याच्या रिमोट एसएसएचमध्ये खिडकी इथे आणि फायली, टर्मिनल (आज्ञा टाईप करायची जागा) तिकडे. फाईलमध्ये टाईप करताना काही जाणवत नाही, अक्षरं इथेच उमटतात. टर्मिनलमध्ये मात्र प्रत्येक अक्षर व्हर्जिनियाला जाऊन परत येतं. पिंग, म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, सव्वादोनशे मिलिसेकंद.

आधी इंटरनेटवाल्याच्या नावाने बोटं मोडली. मग गणित मांडलं. मुंबई ते व्हर्जिनिया सरळ अंतर सुमारे 13 हजार किलोमीटर, काचेच्या तारेत प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन 130 मिलिसेकंद तर प्रकाशालाच हवेत, आणि समुद्रातली केबल काही सरळ जात नाही. बिचाऱ्या इंटरनेटवाल्याचा काय दोष? (व्हीआय हा जुना टेक्स्ट एडिटर बिल जॉय या प्रोग्रॅमरने लिहिला तो 300 बॉडच्या, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीसेक अक्षरांच्या, मॉडेमवरून. त्यातल्या आज्ञा एकदोन अक्षरांच्या का, ते मला तेव्हा कळलं.) शेवटी टर्मिनलसाठी एसएसएचऐवजी मॉश लावलं. ते अक्षर अंदाजाने आधीच दाखवतं, अधोरेखित करून.

जुलैत एका दुपारी लाईट गेली, पाठोपाठ फायबरही. तिकडच्या मशीनवर बिल्ड (कोडमधून चालता प्रोग्राम तयार करणं) टीमक्समध्ये सुरू होता; टीमक्स म्हणजे कनेक्शन तुटलं तरी तिकडचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम. तासाभराने मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून बघितलं तर तो कधीच पूर्ण झालेला. मी खूश. दुसऱ्या दिवशी मोबाईलचा टॉवरही गेला आणि दिवसभर नुसती बसून राहिले, कारण माझा अर्धवट कोड तिकडे आणि लॅपटॉपवरची प्रत तीन दिवसांची शिळी.

मग हट्ट धरला की मशीन मुंबईत द्या. एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं, मुंबईतलं रीजन (सर्व्हरचं केंद्र) 2016 पासून आहे, अडचण काय? टीम लीडने एवढंच विचारलं, "डेटाबेस कुठे आहे?"

तो व्हर्जिनियात. आमच्या ॲपच्या एका पानाला चाळीसेक क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) लागतात, एकामागून एक. प्रत्येकीला सव्वादोनशे मिलिसेकंद धरले तर पान उघडायला नऊ सेकंद! आणि हीच रड लॅपटॉपवरून तिकडच्या डेटाबेसला जोडलं तरी असते. माझं आणि मशीनचं अंतर मी इतके दिवस मोजत बसले होते, मशीनचं आणि डेटाचं अंतर डोक्यातच आलं नव्हतं.

आता कोड इथेच लिहिते. युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्यांच्या चाचण्या) इथेच, लहानशा खोट्या डेटावर. जेवायला उठायच्या आधी न चुकता पुश, म्हणजे कोड टीमच्या सर्व्हरवर. खऱ्या डेटाबेसला हात लावणाऱ्या टेस्ट तेवढ्या तिकडे, टीमक्समध्ये. सातातले पाच कंटेनर लॅपटॉपवरून काढून टाकले.

एक कुरबुर उरलीच आहे. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर एआरएमचा, त्या मशीनचा इंटेलचा; एकासाठी बांधलेला प्रोग्राम दुसऱ्यावर तसाच चालत नाही. मागच्या आठवड्यात इथे बांधलेली इमेज (कंटेनरचा तयार साचा) घाईत तिकडे ढकलली आणि पहिलीच ओळ आली, 'एक्झेक फॉरमॅट एरर'. इंटेलसाठीची इमेज इथे बांधता येते, पण इतकी रटाळ चालते की तेवढ्यात चहा होऊन पिऊनही होतो. म्हणून इमेज तिकडेच बांधते, आणि चहा तसाही होतोच.