पदरी घेणे

राखेचा बुधवार

मराठी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रातली एक ओळ आहे, १:९. ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली’ तर तो क्षमा करील. मूळ ग्रीक क्रियापद होमोलोगेओ, शब्दशः ‘तेच म्हणणे’. देव ज्याला चोरी म्हणतो त्याला आपणही चोरीच म्हणायचं, ‘ॲडजस्टमेंट’ म्हणायचं नाही. भाषांतरकारांनी इथे ‘कबूल केली’ लिहिलं असतं तरी भागलं असतं. त्यांनी पदर पुढे केला. कबुली तोंडाने दिली की संपते. पदरात घेतलेल्या वस्तूला वजन असतं, ती घेऊन चालावं लागतं. (‘पदरी पडलं, पवित्र झालं’ ही आपली म्हण मात्र इथे लागू पडत नाही. पदरी पडतं ते पाप, आणि पवित्र करणारा दुसराच.)

आजपासून चाळीस दिवस उपवासकाळ (लेंट), म्हणजे ईस्टरची, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाची तयारी. कॅलेंडरवर मोजले तर ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत. ईस्टरच्या आधी कन्फेशनला, म्हणजे धर्मगुरूजवळ आपली पापं सांगून क्षमा मागायला, जायचंच, हे बहुतेक कॅथलिक घरांत ठरलेलं असतं. वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावं, हा नियम १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेचा. गोव्याकडे त्याला कुमसार म्हणतात. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला. पवित्र सप्ताहात चर्चमध्ये रांग लागते आणि मागे वीस माणसं उभी असली की प्रत्येकाचं कन्फेशन दोन मिनिटांत आटपतं. म्हणून जायचं तर आत्ता, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जावं.

शुक्रवार

तयारीबद्दल. ‘माझं काय चुकलं?’ असं नुसतं मनाला विचारून काही हाती लागत नाही. मन लगेच दोन-तीन सोयीची उत्तरं पुढे करतं: राग आला, प्रार्थनेत लक्ष लागलं नाही, रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकली. तीच ती यादी वर्षानुवर्षे.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने यासाठी एक हिशेबी पद्धत सांगितली आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठल्याबरोबर ठरवायचं की आज यावर लक्ष. दुपारच्या जेवणानंतर थांबून सकाळपासूनचा एकेक तास आठवायचा; जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके एका रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा तेच, दुसऱ्या रेघेवर. म्हणजे रोजच्या दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. रोजनिशी लिहिणाऱ्यांना यातली गंमत लगेच कळेल: शब्द एकही नाही, त्यामुळे स्वतःची बाजू मांडायला जागाच नाही.

समजा दोष ‘खोटं बोलणं’ आहे. पहिल्या दिवशी दोन ठिपके पडतात, चौथ्या दिवशी नऊ. माणूस घाबरतो. खोटं वाढलेलं नसतं. ‘रस्त्यात आहे, पाच मिनिटांत पोचतो’ हे घरातल्या सोफ्यावरून सांगितलेलं वाक्य आता मोजलं जाऊ लागलेलं असतं.

शुक्रवार, उशिरा

मोजण्यावरून ख्रिस्ती लोकांत मोठं भांडण झालेलं आहे, ते इथेच लिहून ठेवावं. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीनाम्यात ल्यूथरपंथीयांनी (मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट अनुयायांनी) म्हटलं की खासगी पापक्षमा चर्चमध्ये टिकावी, पण सगळी पापं मोजून सांगण्याची गरज नाही. आधार स्तोत्र १९:१२ चा: आपल्या चुका कोणाला पुरत्या कळतात? त्यावर १५५१ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने उलट ठरवलं: गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची, आणि ज्या परिस्थितीमुळे पापाची जातच बदलते तीही. पाकिटातले पैसे उचलणं ही चोरी. चर्चच्या दानपेटीतले उचलले तर प्रकरण वेगळं.

गंभीर कशाला म्हणायचं याच्या तीन अटी: बाब मोठी हवी, ती मोठी आहे हे ठाऊक हवं, आणि स्वखुशीने केलेली हवी. एक जरी अट गळली तरी ते त्या वर्गात बसत नाही.

मला दोन्ही बाजूंचं म्हणणं पटतं, आणि हा गुळमुळीतपणा नाही. संख्या विचारली नाही तर ‘बायकोशी कधीकधी वाईट वागतो’ एवढ्यावर काम भागतं. ‘तिच्यावर हात उगारला, या वर्षात तीनदा’ हे वाक्य जिभेवर आणायलाच संख्या लागते. पण मोजणीचंही व्यसन लागतं. ठिपक्यांची पद्धत देणाऱ्या इग्नेशियसलाच ते लागलं होतं. १५२२ च्या मार्चमध्ये स्पेनमधल्या माँटसेराटच्या मठात त्याने आयुष्यभराची पापं कागदावर लिहून कन्फेशन केलं. त्याला तीन दिवस लागले. तरी पुढे मानरेसा गावात तो पुन्हा पुन्हा तेच उकरत राहिला. काही सांगायचं राहून गेलं असेल, हीच धास्ती. रोज गुडघ्यांवर सात तास प्रार्थना, रविवार ते रविवार कडकडीत उपास, जीव द्यावा असे विचार. गुरूने सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांग. त्याला सगळंच स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्याने जुनी पापं पुन्हा न सांगण्याचा निश्चय केला, तेव्हा सुटका झाली.

अशा धास्तीवर आजही हाच उपाय: एकच कन्फेसर (कन्फेशन ऐकणारा धर्मगुरू) धरायचा, दर वेळी नवा गाठायचा नाही, आणि त्याने ‘हे पुन्हा सांगू नकोस’ म्हटलं की सांगायचं नाही. प्रामाणिकपणे विसरलेलं पापही क्षमेत आलेलं असतं. आठवलं तर पुढच्या खेपेला सांगावं. मुद्दाम दडवलेलं मात्र सगळंच कन्फेशन नासवतं.

शनिवार

प्रत्यक्ष बोलण्याविषयी. ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. शेवटचं कन्फेशन होऊन चार महिने झाले.’ मग सरळ पापं. इथे तीन ठिकाणी घसरण होते. पहिली, ‘पण’. ‘मी ओरडले, पण त्यांनीच...’ या ‘पण’पुढे सासूचं, जावेचं किंवा साहेबांचं कन्फेशन सुरू होतं. दुसरी, ‘आपण सगळेच पापी’ असं बहुवचन. तिसरी, गोष्ट सांगत बसणं. धर्मगुरूला कथानक नको असतं. क्रियापद आणि आकडा पुरतो. तो जे ऐकतो त्यातलं काहीही कोणालाही सांगू शकत नाही, कोर्टातसुद्धा. गुप्तता सरळसरळ मोडली तर तो त्याच क्षणी धर्मबहिष्कृत होतो.

कन्फेशनच्या पेटीत धर्मगुरू आणि आपल्यामध्ये जाळी आणि पडदा असतो, त्याची लाज वाटू नये. मिलानचे आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी सोळाव्या शतकात ती लाकडी पेटी रुळवली. त्याआधी लोक चर्चमध्ये उघड्यावर, धर्मगुरूसमोर बसून सांगत. आजही समोरासमोर बसायचं असेल तर बसता येतं.

पापक्षमा मिळाली तरी भरपाई शिल्लक राहते, आणि ती बहुतेकांची राहूनच जाते. भावाच्या वाट्याचे पाच हजार दाबले असतील तर पाच वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणून ते फिटत नाहीत. बायबलातल्या गणना ५:७ चा हिशेब असा: पूर्ण रक्कम, वर पाचवा हिस्सा. म्हणजे सहा हजार. जक्कय नावाचा जकातदार तर चौपट द्यायला निघाला होता, लूक १९:८. माणूस हयात नसेल तर वारसांना, वारस सापडत नसतील तर गरिबांना. नाव उघड करण्याची सक्ती नाही. पाकिटात घालून पोचवले तरी चालतात. बदनामी केली असेल तर काम अवघड, कारण ज्या दहा जणांना खोटं सांगितलं त्या दहा जणांकडे परत जावं लागतं. पैसे देणं त्या मानाने किती सोपं!

शनिवार, रात्री

धर्मगुरूने दिलेलं प्रायश्चित्त चर्चमधून बाहेर पडण्याआधीच करून टाकावं. ‘घरी गेल्यावर करू’ म्हटलं की बाजार, फोन, पाहुणे, आणि सोमवारी आठवतही नाही की प्रार्थना तीन सांगितल्या होत्या की पाच.

पापं कागदावर लिहून नेली असतील तर कागद बारीक फाडावा. फोनमध्ये लिहिली असतील तर पुसल्यावर एकदा ‘नुकतंच डिलीट केलेलं’ हा फोल्डरही बघावा. काही फोनांत ती तिथे तीस दिवस पडून राहतात.