आरसा अडीच सेंटिमीटर वर घेतला तेव्हा

फेब्रुवारी २०२३ मध्ये सी/२०२२ ई३ हा हिरवट धूमकेतू मंगळाशेजारी आला. ती रात्र माझ्या हातून गेली. त्याची चुटपुट अजून आहे, म्हणून हे लिहितोय.

घर साताऱ्याजवळ. परसात माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा स्टँड) मांडला, १३० मिमीच्या न्यूटोनियन म्हणजे आरशाच्या दुर्बिणीला डीएसएलआर कॅमेरा जोडला, मंगळ धरला. फोकसरची, म्हणजे फोकस जुळवायची नळी आत फिरवत नेली तसं बिंब लहान होत आलं आणि मध्येच नळी टेकली. स्क्रीनवर कोटाच्या बटणाएवढं कडं, मधोमध काळं भोक. पुढे जायला जागाच नाही!

घेताना दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता, "कॅमेरा लागतो की." फोन केला तर म्हणे, "फोकसर नीट फिरवा, होईल." दोन रात्री फिरवत बसलो. संताप संताप झाला. तिकडे धूमकेतू रोज मंद होतोय आणि मी नळीशी झटतोय.

कारण साधं आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर तोंडापासून ४४ मिमी आत बसलेला, त्यात ॲडॉप्टरची जाडी. प्रतिमा त्याच्या अलीकडेच तयार होते. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) लावली की फोकस मिळतो, पण दुप्पट बार्लोने उजेड चौपट पसरतो. आधीच पुसट असलेल्या धूमकेतूला ते परवडत नाही. मग मुख्य आरसाच वर सरकवायचा ठरवलं, म्हणजे प्रतिमा सेन्सरपर्यंत पोचेल. हार्डवेअरच्या दुकानातून लांब स्क्रू आणि स्प्रिंगा आणल्या. बायकोने नळी आडवी धरली, मी श्वास रोखून एकेक स्क्रू बदलला. आरसा अडीच सेंटिमीटर वर आला. कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं, पुन्हा करावं लागलं, त्यात संध्याकाळ गेली.

१४ तारखेला धूमकेतू रोहिणीजवळ होता. लाइव्ह व्ह्यूमध्ये रोहिणी सुईच्या टोकाएवढी झाली तेव्हा मी ओरडलोच.

तीस सेकंदांचे ऐंशी फोटो घेतले. एकेकात नुसता धुरकट डाग. धूमकेतू दिवसाला दोन अंशांहून जास्त सरकत होता, म्हणून फोटो एकावर एक रचणाऱ्या डीपस्कायस्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये, धूमकेतू धरून जुळवणाऱ्या कॉमेट मोडने जुळवले. ते फोटोची वेळ बघतं, तेव्हा कॅमेऱ्याचं घड्याळ मध्येच बदलू नका. हिरवं डोकं स्वच्छ उठून आलं.

हो, माउंट ध्रुवताऱ्यावर जुळवावा लागतो आणि तो आपल्याकडे जेमतेम अठरा अंशांवर असतो. तो आंब्याआड जाणार नाही अशी जागा दिवसाच हेरून ठेवा. दुर्बीण घेताना त्याच मॉडेलवर बार्लोशिवाय काढलेला फोटो मागा. आणि आरसा सरकवलात तर आयपीससाठी (डोळ्याने बघायच्या भिंगासाठी) एक्स्टेंशन नळी लागते, तीही आणून ठेवा.