हिरवळीखालचे खिळे

कोथरूडमधल्या एका टेरेस फ्लॅटवरचं लॉन उचलून महिना झाला, तरी ते काम डोक्यातून जात नाही.

कृत्रिम लॉन घालण्यातलं माझं हे नववं वर्ष. गवत कापून जोडायला दोन तास पुरतात. खरं काम त्याआधीचं: बादलीभर पाणी ओतायचं आणि ते कुठे पळतं ते बघत उभं राहायचं. ढाळ १०० ला १ तरी हवा, म्हणजे शंभर सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतार, आणि पाणी जायच्या तोंडावरची जाळी मोकळी. लॉनच्या पाठीला भोकं असतात हे खरं, पण खालीच पाणी तुंबलं तर ती काय करणार?

इथे आधीच्या कारागिराने ३५ मिमी उंच गवताचा रोल थेट जाळीवरूनच नेला होता. वर कडा उचलू नयेत म्हणून वीत-वीत अंतरावर खिळे ठोकलेले. याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. कडा टेपनेही बसतात. खिळा फरशीतून कोब्यात उतरतो आणि वॉटरप्रूफिंगची वाट लागते. एकेक खिळा पकडीने ओढून काढला. गंजून फुगलेले, प्रत्येक भोकाभोवती तांबूस कडं. रोल गुंडाळला तर खाली कुजलेल्या पानांचा काळा चिखल. जाळी दिसेना, हात घालून चाचपावी लागली.

मालकीणबाईंनी कागद पुढे केला. सोसायटीची लेखी परवानगी, अगदी उपविधींप्रमाणे. त्यांची चूक नव्हतीच. पत्रात कामाच्या वेळा होत्या, राडारोडा उचलायची अट होती. पाण्याबद्दल एक ओळ नाही. खालच्या मजल्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. समितीतल्या एकाने जरी पाच मिनिटं गच्चीवर येऊन पाहिलं असतं, तरी जुलैत खालचं छत गळलं नसतं.

भोकं भरली, जाळीत बोळा कोंबून चार बोटं पाणी ४८ तास साठवलं आणि मग खाली गेलो. छत कोरडं होतं. पण पलंगावर उशीच्या जागी पातेलं तसंच होतं.

तिथे राहणाऱ्या आजी म्हणाल्या, "बाळा, परत ते हिरवं घालणार का रे वर?"

नवा रोल टेम्पोत येऊन पडला होता. म्हटलं, हो आजी, पण खिळा एकही नाही, आणि जाळीपाशी उचलता येईल असा चौकोन ठेवतोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. पातेलं काही उचललं नाही.